माडीची जमीन व तिच्याखालील ऊब

१

बारामती तालुक्याच्या पश्चिम अंगास, मोरगांवच्या गणेशक्षेत्राच्या बाजूस, लोणी भापकर हें गांव आहे. पुणें जिल्ह्यांत लोणी नांवाचीं गांवें एकाहून अधिक असल्यामुळें घराण्याच्या आडनांवावरून तीं ओळखण्याची चाल पडली. लोणी काळभोर, लोणी कंद व लोणी भापकर हीं नांवें त्याच चालीचीं होत. लोणी भापकर येथील मल्लिकार्जुनाचें देवालय, देवकोष्ठांनीं युक्त अशी तेथील पुष्करिणी, यज्ञवराहाची मूर्ति आणि भैरवनाथाचें देवालय हीं इतिहासप्रेमी वाचकांस परिचित आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र देवालय नसून घर हा आहे. आणि घरांतहि ज्या भागाकडे संशोधकाची दृष्टि सहसा वळत नाहीं त्या जमिनीचा, विशेषेंकरून माडीच्या जमिनीचा, आहे.

हा विषय उपस्थित होण्यास एक निमित्त आहे. थंड देशांत कांहीं वर्षें काढून परतलेली मंडळी गांवीं नवें घर बांधूं लागली किंवा जुन्या वाड्याची डागडुजी करूं लागली म्हणजे, तिकडे जशी पायाखालची फरशीच ऊन असते तशी आपल्या माडीवर करतां येईल काय, असें विचारतात. त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न निघतो तो इतिहासाचा : जमीन तापविण्याची ही कला आपल्याकडे पूर्वीं होती काय? ह्या प्रश्नास दोन ठराविक उत्तरें मिळतात. एक पक्ष म्हणतो कीं, सर्व कांहीं आपल्या ग्रंथांत आहेच. दुसरा म्हणतो कीं, ही रोमकांची व कोरियावाल्यांची विद्या, आपल्या पूर्वजांस तिचा गंधहि नव्हता. आमच्या मतें दोन्हीं उत्तरें ग्रंथ न उघडतां व घर न पाहतां दिलेलीं आहेत. खालून ऊब देण्याची कल्पना ह्या देशांत प्राचीन काळापासून होती. पण ती भूमीवरच राहिली, माडीवर चढली नाहीं. ती कां चढली नाहीं हें पाहणें हाच ह्या लेखाचा उद्देश आहे.

२

प्रथम ग्रंथांचा विचार करूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील चौदावा अध्याय स्वेदविषयक आहे. त्यांत अग्नीच्या साहाय्यानें घाम आणण्याचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं चार आपल्या विषयास अगदीं लागून आहेत. अश्मघन-स्वेदांत पुरुषभर लांबीची शिळा लांकडांच्या अग्नीनें तापवावयाची, निखारे झाडून काढावयाचे, शिळेवर ऊन पाणी शिंपडावयाचें आणि वर रेशमी अथवा लोंकरी वस्त्र अंथरून रोग्यास निजवावयाचें. भू-स्वेदांत शिळेच्या जागीं निवाऱ्याची सपाट भूमीच तापवावयाची. कर्षू-स्वेदांत शय्येखालीं खळगा खणून तो धूर नसलेल्या निखाऱ्यांनीं भरावयाचा. सुश्रुतानेंहि चिकित्सास्थानांत खैराच्या लांकडांनीं भूमि तापवून तीवर रोग्यास निजविण्याचा विधि दिला आहे. म्हणजे पायाखालील वा पाठीखालील भूमि तापवून अंगास ऊब द्यावी ही कल्पना आमच्या वैद्यांस पूर्ण परिचित होती, ह्याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं.

चौथा प्रकार जेन्ताक. त्याचें वर्णन चरकांत इतकें तपशीलवार आहे कीं, गवंड्यानें तें वाचून बांधकामास हात घालावा. पुष्करिणीसारख्या जलाशयाच्या दक्षिण अथवा पश्चिम कांठीं, पाण्यापासून सात-आठ अरत्नि सोडून, वाटोळें कूटागार बांधावें. त्याची उंची व रुंदी सोळा अरत्नि, म्हणजे सुमारें चोवीस फूट, असावी. भिंती मातीनें लिंपाव्या व वातायनें पुष्कळ ठेवावीं. आंत भिंतीलगत एक अरत्नि रुंद व तितकाच उंच असा ओटा फिरवावा. त्यास पिण्डिका असें नांव आहे. मध्यभागीं पुरुषभर उंचीची, बारीक छिद्रांची, झांकण असलेली मातीची भट्टी करावी. तींत खैर इत्यादि लांकडें पेटवावीं आणि धूर निघून गेल्यावर रोग्यानें आंत शिरावें. वैद्यानें रोग्यास आधींच बजावावें कीं, भोवळ आली तरी ओटा सोडूं नको; तो सोडलास तर दार न सांपडून प्राणास मुकशील.

बौद्धांच्या विनयपिटकांतील चुल्लवग्गांत जन्ताघर ह्या नांवानें जी वास्तु येते तिचें जेन्ताकाशीं नामसादृश्य उघड आहे. वैशाली येथें भिक्षु पक्वान्नांच्या सेवनानें रोगी झालेले पाहून जीवक वैद्यानें बुद्धाजवळ चंक्रम व जन्ताघर ह्या दोहोंची अनुज्ञा मागितली, अशी तेथें कथा आहे. नंतर एकेक अडचण निघते व एकेक सुधारणा होते. जोतें ठेंगणें म्हणून पाणी शिरतें, तर तें उंच करावें. चढतां येत नाहीं, तर पायऱ्या कराव्या. तोंड भाजतें, तर तोंडास माती लावावी. जमिनीवर चिखल होतो, तर विटा, दगड वा लांकूड ह्यांची फरसबंदी करावी. धूर कोंडतो, तर धूमनेत्र, म्हणजे धुराडें, ठेवावें. वास्तुविद्येचा इतिहास लिहिणारास ही यादी बहुमोल आहे. परंतु जेन्ताकांत व जन्ताघरांत तापतें तें खोलीचें पोट. जमीन तापते ती भट्टीच्या संगतीनें, स्वतंत्रपणें नव्हे. ह्या वास्तूंस तापलेल्या जमिनीचें घर म्हणणें हें शब्दास त्याच्या अर्थाहून मोठें करणें होय. त्याचप्रमाणें, चरकाच्या वर्णनांत पुष्करिणी आहे आणि लोणी भापकरासहि पुष्करिणी आहे, एवढ्यावरून तिच्या कांठीं कधीं काळीं जेन्ताक होतें असें जर कोणी म्हणेल तर तेंहि अनुमान नव्हे, केवळ मनोरथ होय.

३

आतां हे ग्रंथ माणसास कोणत्या ऋतूंत घराच्या कोणत्या भागांत बसवितात तें पाहूं. आमच्या प्रश्नाची किल्ली येथें आहे. हेमंतांत चरक ऊन अशा भूमिगृहाचा व ऊन अशा गर्भगृहाचा आश्रय करण्यास सांगतो. गर्भगृह म्हणजे येथें देवाचा गाभारा नव्हे, तर घराच्या पोटांतील आंतली खोली. अष्टांगहृदयांत वाग्भटहि हेंच सांगतो : निखाऱ्यांच्या तापानें ऊन केलेल्या आंतल्या खोलींत व तळघरांत जो वावरतो त्यास थंडीचा दोष बाधत नाहीं. उलट वर्षाऋतूंत वाग्भट माणसास वरच्या मजल्यावर पाठवितो, कारण तेथें भूमीची वाफ व ओल पोंचत नाहीं. ग्रीष्मांत चरक दिवसा शीतगृह व रात्रीं वाऱ्यावरची गच्ची सुचवितो. ऋतुसंहारांत शिशिराचें जें वर्णन आहे त्यांतहि झरोके लावून घेतलेलें घराचें पोट, अग्नि व कोंवळें ऊन हीं लोकांस प्रिय झालीं असून चांदण्यांतील गच्ची आतां मनास रमवीत नाहीं, असा आशय आहे.

हीं वचनें एकत्र ठेविलीं म्हणजे एक व्यवस्था स्पष्ट दिसते. आमच्या पूर्वजांनीं ऊब माडीवर नेली नाहीं. त्यांनीं माणसासच ऋतूप्रमाणें घरांत हलविलें. पावसाळ्यांत व उन्हाळ्यांत वर, थंडींत खालीं व आंत. माडी ही कोरडेपणाची व वाऱ्याची जागा आणि आंतली खोली ही उबेची जागा, अशी ही विभागणी आहे. माडीची जमीन तापविण्याचा प्रश्नच ह्या व्यवस्थेंत उद्भवत नाहीं. आणि जो प्रश्न उद्भवला नाहीं त्याचें उत्तर शोधलें गेलें नाहीं म्हणून पूर्वजांस अज्ञानी म्हणणें न्यायाचें नव्हे.

कोरियांतील जुनें घर पाहिलें असतां ह्याच विचाराचें दुसरें रूप दृष्टीस पडतें. तेथील ओन्दोल पद्धतींत स्वयंपाकघरांतील चुलीचा जाळ व धूर खोलीखालच्या दगडी नळ्यांतून खेळवून पलीकडील धुराड्यानें बाहेर काढीत. वर सपाट शिळा, त्यांवर मातीचा लेप आणि त्यावर तेल दिलेला कागद. पण त्याच घरांत मारु नांवाची लांकडी तक्त्यांची जमीनहि असे, ती उन्हाळ्याकरितां. दगडाची जमीन हिंवाळ्याची व लांकडाची उन्हाळ्याची; आणि जाळ फिरे तो दगडाखालून, लांकडाखालून कदापि नव्हे.

४

माडी तापविली न जाण्याचें दुसरें कारण बांधणींत आहे. देशावरच्या वाड्याचें जोतें दगडाचें व सांगाडा लांकडाचा असतो. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट अथवा तक्तपोशी, त्यावर माती-मुरुमाचा थर चोपून बसविलेला व वरून शेणानें सारवलेला, अशी माडीची जमीन होते. बारामतीच्या जिराईत भागांत साधें घर बहुधा धाब्याचें व एकमजली. माडी ही ऐपतीची खूण.

कोणी म्हणेल कीं, असल्या जमिनीस तापविण्याच्या सरंजामाचा भार सोसवला नसता. हिशेब केला असतां हें टिकत नाहीं. १५ सेंटिमीटर जाडीचा मातीचा चोपलेला थर धरला तर दर चौरस मीटरास सुमारें २५० किलो भार होतो. हल्लीं नळ्या बुजविण्यासाठीं जो ६·५ सेंटिमीटरांचा वाळू-सिमेंटाचा थर घालतात त्याचा भार १३५ किलोच्या आसपास भरतो. वाड्याच्या कड्यांनीं पिढ्यान् पिढ्या ह्याहून अधिक ओझें वाहिलें आहे. अडचण भाराची नव्हती. अडचण आगीची होती.

ह्याचा पुरावा पुण्यास उघड्यावर उभा आहे. शनवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला व २२ जानेवारी १७३२ रोजीं वास्तुशांति झाली. २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं वाड्यास आग लागली ती कित्येक दिवस धुमसत राहिली. तट, बुरूज, दरवाजे व जोतीं उरलीं; आंतील इमारतींच्या लांकडी माड्या गेल्या त्या समूळ गेल्या. १८७९ मध्यें बुधवारवाडा जळाला व विश्रामबागवाड्यासहि आगीची झळ लागली. नगररक्षणाच्या प्रकरणांत कौटिल्यानें उन्हाळ्यांत भर दिवसा घरांत अग्नि पेटविण्यास दंड सांगितला आहे व पाण्याचे घडे, शिडी, कुऱ्हाड, आंकडा इत्यादि साधनें घरोघर ठेवण्याचा नियम घातला आहे. लांकडाच्या घरांत राहणाऱ्या समाजाची अग्नीविषयींची ही धास्ती ध्यानीं घेतली म्हणजे, कडीपाटाच्या जमिनीखालीं निखारे खेळविण्याचें कोणाच्या स्वप्नींहि कां आलें नाहीं, तें निराळें सांगावयास नको.

५

जेथें जेथें जमीन खरोखर तापविली गेली तेथें तेथें ती दगड-विटांचीच आहे. रोमक वास्तुकार व्हिट्रूव्हिअस ह्यानें इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांत लिहिलेल्या आपल्या ग्रंथाच्या पांचव्या भागांत स्नानगृहाची अधांतरी जमीन कशी करावी तें सांगितलें आहे. खालचा तळ भट्टीकडे उतरता असावा, इतका कीं आंत टाकलेला चेंडू परत भट्टीच्या तोंडाशीं यावा, म्हणजे ज्वाळा जमिनीखालीं सहज पसरते. त्यावर विटांचे दोन फूट उंचीचे ठेंगणे खांब उभारावे, खांबांवर दोन फुटी कौलें ठेवावीं व वर फरशी करावी. ह्या रचनेंत लांकडाचा लवलेश नाहीं.

आपल्या देशांत ह्या कुळाची वास्तु म्हणजे हमाम. दौलताबादेच्या किल्ल्यांतील शाही हमाम महाराष्ट्रांतच आहे. बऱ्हाणपुरास तापीच्या कांठच्या शाही किल्ल्यांतील हमाम आपल्या सीमेलगतचा. दोन्हीं दगड-विटा-चुन्याचीं भक्कम कामें आहेत. काश्मिरांत तर ही पद्धति आजहि जिवंत आहे. श्रीनगरच्या अनेक मशिदींत व घरांतहि तळमजल्यावर हमामाची खोली असते. दगडी आधारांवर मोठ्या शिळांची जमीन, तिच्या पोटांत बाहेरच्या तोंडानें लांकडांचा जाळ, व त्याच जाळावर तापणारें तांब्याचें भांडें. तेथील हिंवाळा ह्या खर्चास व खटाटोपास योग्य असा आहे. लोणी भापकरास पौषांत पहांटे कडाका पडतो हें खरें. पण दिवस वर आला कीं ओट्यावर ऊन येतें. ज्या भागाची पिढ्यान् पिढ्यांची चिंता पाऊस ही आहे, त्यानें सहा-सात आठवड्यांच्या थंडीसाठीं सरपण जाळून जमिनी तापवाव्या, हा व्यवहार कोणाहि शहाण्या कुटुंबास परवडला नसता.

वरच्या मजल्यास खालून ऊब मिळण्याचा जुना प्रकार एकच सांगतां येईल. हिमाचलांत व गढवालांत खालीं गुरें व वर माणसें अशीं घरें आहेत. गुरांच्या अंगची ऊब तक्त्यांतून वर येते. विस्तवावांचून माडी उबदार करण्याची ही युक्ति साधी असून चतुराईची आहे.

६

आतां मराठी घरांत परत येऊं, कारण तेथें एक महत्त्वाची गोष्ट दृष्टिआड झाली आहे. चरकाचा कर्षू-स्वेद ग्रंथांतच राहिला नाहीं. बाळंतिणीच्या खोलींत बाजेखालीं शेगडी ठेवून शेक देण्याची चाल महाराष्ट्रांत घरोघर होती व कित्येक घरीं अद्यापहि आहे. निखाऱ्यांवर ओवा, शेपा, वावडिंग टाकून धुरी देतात; बाजेच्या विणींतून ऊब अंगास पोंचते. शय्येखालीं निखारे, वर माणूस, आणि जागा म्हणाल तर घराच्या पोटांतली, वारा न लागणारी, खालच्या मजल्यावरची खोली. चरकाचें कर्षू व वाग्भटाचें अंगारतप्त गर्भगृह हीं दोन्हीं ह्या एका चालींत एकत्र नांदतात. सुइणीच्या हातीं ही विद्या टिकली.

त्याचबरोबर तिच्यांतील धोकाहि टिकला. चरकानें निखारे निर्धूम असावे अशी अट घातली व जेन्ताकांत वातायनें पुष्कळ ठेविलीं. परंतु निखाऱ्यांतून डोळ्यांस न दिसणारा व नाकास न कळणारा कार्बन मोनॉक्साइड वायु निघतो हें ज्ञान अर्वाचीन आहे. धूर नाहीं म्हणजे विष नाहीं असें नव्हे. जेन्ताकांतील रोग्यास येणारी जी भोवळ चरकानें घामावर घातली आहे तिच्यांत ह्या वायूचाहि वांटा असणें शक्य आहे. कोरियांत विसाव्या शतकांत लांकडाऐवजीं कोळशाच्या वड्या जाळूं लागल्यावर जमिनीच्या भेगांतून हा वायु खोलींत शिरून असंख्य माणसें झोंपेंतच दगावलीं. म्हणून आम्ही येथें इतिहासाची मर्यादा किंचित् ओलांडून सांगतों कीं, दारें-खिडक्या लावून बाळंतिणीच्या वा तान्ह्या मुलाच्या खोलींत शेगडी कदापि ठेवूं नये. जुनी चाल सांभाळावयाची तर झरोका उघडा ठेवून सांभाळावी.

घरांत आणखी दोन वस्तु विचारार्ह आहेत. चुलीचा जाळ आंतल्या वाटेनें शेजारच्या तोंडाशीं नेणारा वैल म्हणजे ओन्दोलच्या नळीचेंच लहान रूप. एका जाळावर दोन कामें. न्हाणीघरापाशीं ठेवलेला तांब्याचा बंब म्हणजे मधोमध निखाऱ्याची नळी व भोंवतीं पाणी. अग्नीची ऊब पाण्याच्या स्वाधीन करण्याचें यंत्र. खालून शेक, जाळास वाट आणि पाण्यास ताप, हीं तिन्हीं अंगें मराठी घरांत होतीं. तीं एकत्र येऊन माडीवर गेलीं नाहींत, एवढेंच.

७

तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यास अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांतील एक सिद्धांत ठाऊक असतो : शीत स्पर्श हा पाण्याचा आपला धर्म, उष्ण स्पर्श हा तेजाचा, ऊन पाण्यांत जी ऊब भासते ती तेजाच्या संयोगानें आलेली, उसनी. माडीच्या जमिनीचा प्रश्न अखेर ह्या उसन्या उबेनेंच सुटला. अग्नि वर नेतां येत नाहीं. पण त्याची ऊब पाण्याच्या हातीं देऊन वर पाठवितां येते. जळतें तें खालीं राहतें, ऊन तेवढें वर जातें. युरोप-अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जमिनीखालून ऊन पाण्याच्या धातूच्या नळ्या खेळवूं लागले; प्रख्यात वास्तुकार फ्रँक लॉइड राइट हा जपानांत ओन्दोलची खोली पाहून ह्या पद्धतीकडे वळला व १९३७ मध्यें पुऱ्या झालेल्या जेकब्झ ह्यांच्या घरांत त्यानें ती वापरली. पुढें न गंजणाऱ्या पॉलिएथिलीनच्या नळ्या आल्या. कोरियांतहि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दगडी नळ्यांची जागा पाण्याच्या नळ्यांनीं घेतली, आणि एरव्हीं भूमीस खिळलेलें ओन्दोल उंच इमारतींच्या मजल्या-मजल्यांवर चढलें.

ह्या रीतींत पाणी ३५ ते ४५ अंशांपर्यंतच तापवावें लागतें. युरोपीय मानकाप्रमाणें राहत्या जागेंत जमिनीचा पृष्ठभाग २९ अंशांहून अधिक ऊन होऊं द्यावयाचा नसतो. एवढ्या तापानें सागवानी कडीस अपाय पोंचत नाहीं. माडीवर ही योजना करणारानें नळ्यांखालीं उष्णतारोधक थर अवश्य घालावा, नाहीं तर अर्धी ऊब खालच्या खोलीच्या छतास जाईल. आणि जुना वाडा असल्यास कड्यांचीं टोंकें भिंतींत कुजलेलीं नाहींत ना, हें आधीं सुतारास दाखवावें. तथापि बारामतीच्या हवेंत ही सोय गरजेपेक्षां हौसेचीच ठरेल, असें आमचें मत आहे. चरकाची रीत, म्हणजे थंडींत बिछाना माडीवरून खालच्या आंतल्या खोलींत आणणें, आजहि बिनखर्ची आहे.

८

विवेचनाचा निष्कर्ष असा. खालून ऊब देण्याची विद्या ह्या देशांत होती. ती औषधाची व भूमीची विद्या होती. माडी तापविली गेली नाहीं ती अज्ञानामुळें नव्हे. ऋतुचर्येनें माडीस दुसरें काम दिलें होतें, बांधणी लांकडाची होती, आणि थंडी थोड्या दिवसांची होती. म्हणून सर्व कांहीं होतें असा अभिमान नको व कांहींच नव्हतें अशी लाजहि नको.

एक विनंति मात्र वाचकांपुढें ठेवणें अवश्य आहे. देवळाच्या शिळा टिकतात, ताम्रपट टिकतात, पण घराची जमीन टिकत नाहीं. वाडा उतरविला कीं तुळया-कड्या विकल्या जातात, माती उकिरड्यावर जाते, आणि त्या घरांत माणसें कशीं निजत, कोठें शेकत, कोठें न्हात, ह्याची साक्ष एका दिवसांत नाहींशी होते. कागदपत्रांत तिची नोंद सांपडत नाहीं, कारण सारवलेल्या जमिनीविषयीं कोणी पत्र लिहीत नसे. तरी ज्या गांवीं जुनें घर उतरावयाचें असेल तेथील शिक्षकांनीं व विद्यार्थ्यांनीं आधीं जाऊन माडीच्या जमिनीचे थर मोजावे, कड्यांचें अंतर व लांकडाची जात लिहून ठेवावी, चूल, वैल, बंब व बाळंतिणीची खोली ह्यांच्या जागा नकाशांत दाखवाव्या, भिंतीवरील काजळी पाहावी, आणि घरांतील वृद्ध स्त्रियांस थंडींत बिछाने कोठें पडत तें विचारावें. ह्या कामास एक फूटपट्टी, एक वही व एक सकाळ पुरे होईल. अशीं टिपणें तालुक्या-तालुक्यांतून जमलीं म्हणजे मराठी घराचा इतिहास त्याच्या खऱ्या पायावर, म्हणजे त्याच्या जमिनीवर, उभा राहील.